चौदाचा पाढा

आमच्या साहेबांच्या मनगटावर एक घड्याळ असायचं आणि ते बारा महिने दहा वाजून वीस मिनिटं दाखवायचं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. बंद पडलं तेव्हा सासरे हयात होते. दुरुस्तीला टाकलं तर आपण दिलेली वस्तू भिकार निघाली असं त्यांना वाटेल, म्हणून राहिलं. पुढे सासरे गेले. मग वडिलांच्या घड्याळात भलते काटे बसवले असं बायकोला वाटेल, म्हणून राहिलं. "मनगट भरल्यावानी दिसतं, एवढंच त्याचं काम," असं ते सांगायचे. खरोखर वेळ मोजायची झाली तर साहेबांकडे पाढे होते.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. चेष्टा मी एकदाच केली आणि ती पुढे सांगणारच आहे.

मी आंदर मावळात वनरक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा ते आमचे वनपाल होते, म्हणजे माझ्यासारख्या चार गार्डांवरचे साहेब. मी वराळ्याची. आमच्या घराच्या खिडकीतून कंपन्यांची शेडं आणि अर्धवट इमारती दिसायच्या. जंगल मी परीक्षेच्या पुस्तकात पाहिलेलं आणि त्यात पहिल्या फटक्यात पास झालेली. साहेबांनी माझा नेमणुकीचा कागद वाचला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "वराळेकरणी, चपला बदल. ह्या चपलांनी फकस्त हाफिसात जाता येतं." त्या दिवसापासून मी त्यांची वराळेकरीण झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं का, याची मला आजही खात्री नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका झऱ्यावर नेलं. आमच्या हद्दीतल्या एका वाडीच्या वर, डोंगराच्या कुशीत, कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार पडत होती. साहेबांनी पिशवीतून पितळेची कळशी काढली, धारेखाली ठेवली, हात पाठीमागे बांधले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बे एके बे, बे दुणे चार..." मला वाटलं, ही काहीतरी पूजा असणार. मी चपला काढून, हात जोडून उभी राहिले. बेचा पाढा झाला, तीनाचा झाला, चाराचा झाला. नवाच्या पाढ्यात 'नऊ सक चोपन्न' म्हणताना कळशीच्या काठावरून पाणी सांडलं आणि साहेब जागच्या जागी थांबले. डोळे उघडून त्यांनी वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: 'नऊ सक.' मग माझ्या जोडलेल्या हातांकडे बघून म्हणाले, "देव न्हाई गं. मापन हाय."

तर असं ते मापन. पावसाळा संपता संपता कळशी लावली तर बेचा पाढा पुरा होण्याआधी ती वाहायला लागायची. थंडीत नवापर्यंत जायचं. ऐन वैशाखात, धार करंगळीएवढी झाली की चौदाचा पाढा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, न चुकता. अशा वह्यांचा त्यांच्याकडे एक ट्रंकभर साठा होता आणि तो ते आमच्या ऑफिसच्या कपाटात ठेवत नसत, कारण तिथे वाळवी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. वाळवी नव्हती. पण त्या कपाटातल्या फायली परत उघडत नाहीत हे त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं होतं.

वाडीतल्या बायका साहेबांना वाटेत गाठून विचारायच्या, "साह्यब, कितवा आला?" पोराचा परीक्षेतला नंबर विचारावा तसं. साहेब वैशाखात छाती पुढे काढून सांगायचे, "चौदा. म्हागल्या वर्षी चौदा, औंदा बी चौदा." बायका माना डोलवायच्या. आपल्या पहाऱ्यात झरा हलला नाही, याचा साहेबांना जो अभिमान होता तो बढतीचाही नव्हता.

आता माझी चेष्टा. माझ्या पहिल्याच वैशाखात मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. कळशी धारेखाली ठेवल्यापासून ती सांडेपर्यंत, अथपासून इतिपर्यंत. डोळे मिटलेले, हात मागे, मिशीवर घामाचे थेंब, आणि तोंडाने 'बारा पंचे साठ'. मागे माझं खुसखुसणं ऐकू येतं. तो मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. 'बघा आमचे साहेब.' खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. मला तेव्हा फार मजा वाटली होती.

साहेबांच्या दुसऱ्या एका सवयीने मला तेवढंच हसू यायचं. झऱ्याच्या वर, डोंगराच्या माथ्यावर, कातळाचं मोठं सपाट पठार आहे. आमच्याकडे त्याला सडा म्हणतात. शनिवार-रविवार लोणावळ्यात खोल्या मिळाल्या नाहीत की उरलेली माणसं गाड्या घेऊन आमच्याकडे चढतात. सड्यावर येऊन दगडावर दगड रचून मनोरे करतात, फोटो काढतात आणि जातात. सोमवारी सकाळी साहेब एकेक मनोरा उतरवायचे. दगड नुसता टाकायचे नाहीत. त्याची मूळ जागा शोधायचे. जिथून दगड उचलला जातो तिथे कातळावर त्याच्या आकाराचा ओलसर डाग राहतो. त्या डागावर तो दगड, ओली बाजू खाली, असा ते बसवायचे. मी विचारलं, "साहेब, हे कशाला?" ते म्हणाले, "कुणाचं बिऱ्हाड हाय ते. छप्पर उलटं केल्यावर आत ऊन न्हाई का येनार?" एकदा त्यांनी मला एक दगड बोटभर उचलून दाखवला. खाली नखाएवढा खेकडा होता, एक पाल होती आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. साहेबांनी दगड इतक्या हळू खाली ठेवला की मला उगीच शेजाऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

एकदा कार्ल्याला हायवेच्या टपरीवर आम्ही चहा पीत होतो. कार्लं हे साहेबांचं गाव. शेजारी एका गृहस्थांनी गाडीची डिकी उघडली, तर आत शेवाळ लागलेला एक भलामोठा दगड. बंगल्याच्या बागेसाठी नेत होते. साहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि अत्यंत अदबीने विचारलं, "ह्याच्यातला भाडेकरू कुटं सोडला?" गृहस्थांना काही कळेना. साहेबांनी त्यांना पाल, खेकडा, त्यांची पोरंबाळं, सगळं समजावलं. आवाज कुठे चढला नाही. गृहस्थांनी शेवटी दगड उतरवून दिला आणि कुठल्या वळणावरून उचलला तेही ओशाळून सांगितलं. तो दगड मोटरसायकलवर माझ्या मांडीवर बसून आंदर मावळात परत गेला. वाटेत दोनदा मी तो टाकून द्यायचा विचार केला, हे कबूल करते.

साहेब असे शांत असले तरी एका शब्दावर हमखास भडकायचे. तो शब्द म्हणजे पोटखराबा. गावच्या कागदावर, ज्या जमिनीत पीक निघत नाही तिच्यापुढे पोटखराबा असं लिहितात. आमचा सडा कागदावर पोटखराबाच होता. कुणी तो शब्द उच्चारला की साहेब म्हणायचे, "जिमिनीचं पोट साफ हाय. लिवनाऱ्याचं बिघाडलं आसंल." आणि हाच शब्द एक दिवस माझ्या हातून लिहिला गेला.

माझं तिसरं वर्ष चालू होतं. वरून पत्र आलं. हवा बदलते आहे, पाऊस लहरी झाला आहे, तेव्हा डोंगर वाचवण्याचा सरकारी आराखडा तयार होतो आहे. प्रत्येक बीटात, म्हणजे एकेका गार्डाच्या हद्दीत, झाडं लावता येईल अशी रिकामी जागा कळवावी. हेतू चांगलाच होता. मला मोठ्या उत्साहाने वाटलं, आपल्याकडे एवढा मोठा सडा आहे, एक झाड नाही त्याच्यावर. मी तक्ता भरला: 'सडा. पोटखराबा. पूर्ण रिकामा.' साहेब तेव्हा रजेवर होते. तक्ता लोणावळ्याच्या ऑफिसात पोचला, मंजूर झाला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी सड्यावर सुरुंग लावून खड्डे घ्यावेत, त्यात बाहेरून माती आणून रोपं लावावीत, असं ठरून आलं.

रजेवरून आल्यावर साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त डबा उचलला आणि म्हणाले, "चल, रिकामी जागा दाव मला."

भाद्रपद होता. सड्यावर पोचल्यावर त्यांनी माझ्या हातात कोरी वही दिली, मला एका जागी बसवलं आणि सांगितलं, "हितनं उठायचं न्हाई. हात पुरतो तितवर काय काय हाय ते लिव. नाव ठावं नसलं तर चित्र काड." मी सकाळी दहाला बसले. आधी फुलं: निळी आभाळी लिहिली, पांढऱ्या टाचणीच्या डोक्यासारखे गेंद लिहिले, सीतेची आसवं लिहिली. मग डबक्यातलं बेडकाचं पिल्लू, मग कातळावरचं काळं शेवाळ, मग कातळाच्या तड्यात झिरपणारं पाणी, कारण तेही तिथे होतंच. दुपारी डबा खाल्ला तोही बसल्या जागी. चार वाजता वहीची अकरा पानं भरली होती आणि मी अजून डाव्या हाताच्या बाजूला पोचले नव्हते. साहेब आले, पानं चाळली, बेडकाचं चित्र पाहून "ह्ये बटाट हाय का?" एवढंच विचारलं. मग तड्यात झिरपणाऱ्या पाण्याकडे बोट करून म्हणाले, "ह्ये कुटं जातंय, सांग." मी वही चाळू लागले. "वाडीच्या झऱ्याला. ह्यो सडा चार म्हैने पितो आन् आठ म्हैने पाजतो. त्येच्यात सुरुंग लावल्यावर पानी कुनीकडं पळंल, ठावं हाय तुला? मला बी ठावं न्हाई. म्हनून भ्याव वाटतंय."

मला रडू आलं. नोकरीत रडणारी मी नव्हे. पण वाडीतली ती घरं, त्या बायका, त्यांचे हंडे, सगळं माझ्या एका ओळीने पणाला लागलं होतं. साहेब म्हणाले, "रडून खड्डं बुजत न्हाईत. कागदानं झालंय, कागदानंच निस्तरू."

त्यांनी लोणावळ्याला आमच्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला: सडा आहे तसाच राहू द्यावा, त्याच्यामुळे झरा टिकून आहे, पुरावा म्हणून वह्या सादर करण्यास तयार आहे. मोठे साहेब तरुण होते, शिकलेले होते, आणि माणूस सरळ. त्यांनी कळवलं की वैशाखात मी स्वतः झऱ्यावर येतो. तोवर तुमच्या वह्यांतले पाढे सेकंदांत करून ठेवा, कारण आमच्या तक्त्यात पाढ्यांचा रकाना नाही.

हे काम माझ्यावर आलं. मोठे साहेब यायच्या तीन दिवस आधी आम्ही झऱ्यावर गेलो. कळशी लागली, साहेबांनी डोळे मिटले, मी मोबाइलवर वेळ लावली. पाणी सांडलं ते चौदाच्या पाढ्यातच. साहेब खूश. वेळ आली बरोबर साडेतीन मिनिटं. मी ती लिहून घेतली. घरी आल्यावर सहज आठवण झाली, आपल्याकडे जुना व्हिडिओ आहे, त्याच्याशी ताडून पाहावं. तोही वैशाखच, तीच कळशी, तोच चौदाचा पाढा. व्हिडिओ तीन मिनिटांना पाच सेकंद कमी असा होता.

मला वाटलं, मध्ये काही पाढे गाळले असतील. पुन्हा ऐकला. एकही गाळलेला नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की व्हिडिओतल्या साहेबांच्या तोंडात त्यांचे स्वतःचे दात आहेत.

त्या पहिल्या वैशाखानंतर दिवाळीत साहेबांनी कवळी बसवली होती. नवी कवळी, नवे दात, 'चौदा आठे बारोदरसे' म्हणताना जिभेला अडखळायला होतं, हे आम्ही सगळे पाहत होतो. पाढा मंदावला होता. आणि पाढा मंदावला म्हणून चौदावरच थांबत होता. झरा त्याच वेळी, मुकाट्याने, कमी होत होता.

मी सबंध दिवस ते मनात घेऊन फिरले. मी बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं. वह्या चौदाच दाखवत होत्या, मोठे साहेब चौदाच पाहणार होते, सडा वाचणार होता आणि साहेबांचा अभिमानही. बोलले तर झरा आटतोय हे कबूल करावं लागणार. मग तर मोठे साहेब म्हणतील, सडा आहे तसा ठेवून काय उपयोग झाला, मारा सुरुंग. शिवाय सांगायचं म्हणजे तो व्हिडिओ दाखवायचा, माझ्या खुसखुसण्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना झऱ्यावर बोलावलं आणि दाखवला. का दाखवला, याचं उत्तर सोपं आहे. ज्या माणसाने मला एका जागी बसवून अकरा पानं खरं लिहायला लावलं, त्याच्याच वहीत खोटं राहू द्यायचं माझ्याच्याने झालं नाही.

साहेबांनी मोबाइल हातात धरून शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "मागं कोन हसतंय?"

"मी."

"आस्सं." त्यांनी मोबाइल मला परत दिला. "हसलीस म्हनून तर काडलास. न्हाईतर माझ्या दातांची सय कुनाकडं ऱ्हायली आसती."

त्यांचा विश्वास लगेच बसला असं नाही. त्यांनी कवळी काढली, धारेखाली धुतली, कातळावर ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी पाढा लावून पाहिला. तो तर आणखी हळू झाला. सातापर्यंत जाता जाता नुसती हवा येऊ लागली. मग मला म्हणायला लावलं, त्या व्हिडिओतल्या चालीवर. मी म्हटला. कळशी चौदाला भरली नाही, पंधराला भरली नाही, सोळाला भरली नाही. सतराच्या पाढ्यात सांडली.

वाडीतली ठकूमावशी हंडा घेऊन बाजूला उभी होती. तिचा नंबर पुढचा. साहेब तिच्याकडे वळून म्हणाले, "मावशे, झरा सतरावर आलाय."

मावशी म्हणाली, "व्हय. दोन वर्सं झाली."

"तुला ठावं व्हतं?"

"पयलं सहाजनी भरून व्हायचो तवर ऊन पायरीवर यायचं. आता पाचजनींतच येतं. कळत न्हाई व्हय आमाला?"

"मग बोलली का न्हाईस?"

मावशीने हंडा खाली ठेवला. "तुमी चौदा म्हनायचा तवा तुमचं तोंड लय बरं दिसायचं, साह्यब. म्हटलं, कशाला उतरवा."

साहेबांचा आवाज वाडीतल्या माणसावर चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "माझ्या तोंडापायी झरा आटवता व्हय गं?" असं म्हणून ते कातळावर बसले. कवळी शेजारीच वाळत पडली होती. मी ती उचलून रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. मला त्यांचा इतका लळा लागला आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, माझ्याकडून लाल पेन मागितलं आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या नोंदीच्या डोक्यावर आडवी रेघ मारून लिहिलं: 'येथून पुढे कवळी. आकडे धरू नयेत.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. मी मनात म्हणत होते, आता हे वही पुढे करताना लाल रेघेचं पान तरी मिटून ठेवतील. साहेबांनी नेमकं तेच पान उघडून दिलं आणि सगळं सांगितलं. कवळी, व्हिडिओ, सतराचा पाढा. माझं हसणं तेवढं वगळलं.

मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्याच पुराव्यावरून झरा कमी होतोय. मग सडा आहे तसा ठेवा, हे कसं सांगता?"

"सायेब, मानूस आजारी पडला तर त्येला काय झालंय ते बगायचं. हात काडून दुसरा न्हाई बसवायचा." मग त्यांनी मोठ्या साहेबांना सड्यावर चढवलं. वर गाड्यांनी कातळावरच्या पातळ मातीत खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्या थेट कड्याकडे गेल्या होत्या. "पाऊस पयलं म्हैनाभर रिपरिप करायचा, सडा सावकाश प्यायचा. आता येतो तो समदा येकदम येतो. आन् आमी त्येला पळायला रस्ता काडून दिलाय. ह्यो बुजवू द्या मला. गाड्या खाली आडवू द्या. झाडं लावायची तर खालच्या उतारावर लावू, तितं वणव्यानं खरंच बोडकं झालंय. येवढं करून बगू. न्हाई जमलं तर मंग तुमचं सुरुंग."

मोठ्या साहेबांनी ते लाल रेघेचं पान पुन्हा उघडलं. म्हणाले, "स्वतःच्या नोंदी स्वतः रद्द केलेली वही मी पहिल्यांदा पाहतोय. आता बाकीच्या खऱ्या मानायला मला अडचण नाही." सड्यावरचे खड्डे रद्द झाले. जुन्या वह्यांतले दातांचे पाढे सेकंदांत करून आराखड्यात गेले. आमच्या बाजूच्या झऱ्यांची तेवढी जुनी नोंद दुसरी कुणाकडे नव्हतीच. पोटखराबा हा शब्द मात्र कागदावरून हलला नाही, तो बदलायचा अधिकार मोठ्या साहेबांनाही नव्हता. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ घातली: 'वाडीच्या झऱ्याचे पाणी येथून येते.' साहेबांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून देव्हाऱ्यात ठेवली, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

चाकोऱ्या आम्ही वाडीच्या माणसांबरोबर दगड-मातीने बुजवल्या, ओली बाजू खाली ठेवून. झरा पुन्हा चौदावर आला असं मला लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. तो एका वर्षी पंधरावर आला, मग परत सोळावर गेला. पावसाचं वागणं आमच्या हातात नाही. पण सतराच्या पुढे त्याला आम्ही जाऊ दिलेला नाही. सडा आहे. भाद्रपदात मी नव्या गार्डांना तिथे वही देऊन बसवते. कुणी तक्त्यात 'रिकामा' लिहिलं की माझाही आवाज चढतो आणि माझ्या तोंडून साहेबांचा पोटाचा विनोद निघतो. शिकवणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. आपली चूक लाल शाईने लिहून खाली सही कशी करायची, हे मला एकाच माणसाने शिकवलं.

साहेब निवृत्त होऊन कार्ल्याला राहतात. थोडं भाताचं शेत आहे, ओसरीवरून हायवेच्या बसगाड्या दिसतात. दर वैशाखात माप घेतलं की मी त्यांच्याकडे जाते. खात्याने आता आम्हाला घड्याळ दिलंय, पण मी सेकंद सांगायला लागले की ते हात हलवतात. "त्ये तुज्या तक्त्याला सांग. मला पाढा सांग." म्हणून मी झऱ्यावर दोन्ही करते, घड्याळ तक्त्यासाठी, पाढा कार्ल्यासाठी.

या वर्षी गेले तेव्हा ते म्हणाले, "कितवा?"

"सोळा."

"म्हनून दाव."

मी ओसरीवर उभी राहिले, हात मागे बांधले, डोळे मिटले आणि बे एके बेपासून सोळापर्यंत म्हणून दाखवलं. डोळे उघडले तर साहेबांच्या हातात नातवाचा मोबाइल होता आणि त्यावर आकडे थांबलेले होते. बंद घड्याळाच्या हातानेच त्यांनी तो माझ्यापुढे धरला. उशाची जुनी वही उघडून त्यांनी माझी गेल्या वर्षीची सोळापर्यंतची वेळ दाखवली. गेल्या वर्षीही त्यांनी म्हणायला लावलं होतं, पण वेळ लावल्याचा मला पत्ता नव्हता.

"धा सेकंद वाढल्यात," ते म्हणाले.

"दात माझेच आहेत, साहेब."

"दात आस्तील. वय बी तुझंच हाय." ते कवळी सावरत हसले. "सोळा समजू नगंस. सतराच्या जवळ धर. आन् ह्याच्यापुढं एकटी जाऊ नगंस झऱ्यावर. एखादी नवी पोरगी ने संगं. तुज्यावर हसनारी बग."